गिरणगावची उंची आणि वाऱ्याचे गणित

मुंबईतील गिरणगावची आकाशरेषा कित्येक दशके धुराड्यांनी आखलेली होती. परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत तिमजली-चौमजली चाळींच्या वर विटांची उंच धुराडी दिसत आणि त्यांच्यापेक्षा उंच असे फारसे काही नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्यांच्या जमिनींवर बांधकामाची वाट मोकळी केली आणि २००१ मधील दुरुस्तीने ती आणखी रुंद केली. आज श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा सुमारे २८० मीटर उंचीचा निवासी टॉवर उभा आहे. हा बदल आता गिरण्यांच्या आवारांपुरता राहिलेला नाही. १९२० च्या दशकात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या सरकारी खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारतींपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील १९५ इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींमधील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना स्वतःचे स्वयंपाकघर आणि स्वतःचे शौचालय मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण ज्या वास्तूत ती राहायला गेली आहेत, ती चाळीचीच उंच आवृत्ती नाही, तिची रचनाच वेगळ्या तत्त्वावर उभी आहे, आणि ते तत्त्व तेथे राहणाऱ्यांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवे.

चाळीची रचना करताना अभियंत्यासमोरचा मुख्य प्रश्न वजनाचा असतो. छप्पर, लाद्या, भिंती, माणसे आणि सामान यांचे वजन पायापर्यंत सुखरूप पोहोचले की काम बहुतांशी झाले. उंच इमारतीत वजन हा सोपा प्रश्न ठरतो, कारण मजले दुप्पट झाले तर वजनही साधारण दुप्पटच होते. अवघड प्रश्न आडव्या बळाचा, म्हणजे वाऱ्याचा आणि भूकंपाचा असतो. जमिनीत घट्ट रोवलेल्या काठीला बाजूने ढकलले, तर तिच्या बुंध्याशी तिला वाकवू पाहणारे बळ निर्माण होते. वारा सर्व उंचीवर सारखाच आहे असे धरले, तरी हे वाकवणारे बळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि काठीचा छेद तोच ठेवला, तर तिचे टोक जितके ढळते ते अंतर उंचीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. चौमजली चाळ सुमारे १३ मीटर उंच असते आणि चाळीस मजली इमारत सुमारे १२५ मीटर. उंची जवळजवळ दहापट झाली, की बुंध्याशी वाकवणारे बळ शंभरपट होते आणि टोकाचे ढळणे दहा हजारपट. त्यामुळे चाळीचे खांब जाड करून टॉवर बांधता येत नाही. प्रत्यक्षात तर उंचीबरोबर वाऱ्याचा वेगही वाढतो, म्हणून हे आकडे कमीच धरलेले आहेत.

गिरणीचे धुराडे बांधणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता. वीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. वाऱ्याच्या बाजूचा कडा ताणला जाऊ लागला की सांधे उघडतात आणि धुराडे धोक्यात येते. म्हणून ते बुंध्याशी रुंद आणि वर निमुळते ठेवत, म्हणजे त्याचे स्वतःचे वजनच त्याला सर्व बाजूंनी दाबून धरत असे. टॉवरला हा उपाय परवडत नाही, कारण त्याच्या पोटात घरे असतात. त्याचा ताण काँक्रीटमधील पोलादी सळया घेतात.

वाऱ्याचे बळ किती असते? भारतीय मानकानुसार मुंबईसाठी रचनेचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतात. हा झोताचा वेग असून तो साधारण पन्नास वर्षांतून एकदा गाठला जाण्याची शक्यता असते. त्या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलो वजनाइतका दाब पडतो. ३० मीटर रुंद आणि १२५ मीटर उंच दर्शनी बाजूवर, इतर गुणक बाजूला ठेवून केलेल्या ढोबळ हिशोबाने, तो ४४० टनांच्या आसपास जातो. हे बळ लागले तरी इमारतीचे टोक उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त ढळू नये, असा आपल्याकडील नियम आहे. १२५ मीटरच्या इमारतीला ही मर्यादा २५ सेंटिमीटर येते. इमारत हलते याचा अर्थ ती कच्ची आहे असा नव्हे. किती हलू द्यायचे, हे आधीच ठरवलेले असते.

वाऱ्याची दुसरी करामत अधिक नवलाची आहे. वारा सुटला की विजेच्या तारा गुणगुणतात. तारेला वळसा घालून गेलेली हवा मागच्या बाजूस एकदा वरून आणि एकदा खालून भोवरे सोडते आणि त्या आलटून-पालटून बसणाऱ्या हिसक्यांचा तो आवाज असतो. टॉवरच्या मागेही डावीकडून आणि उजवीकडून असेच भोवरे सुटतात, फक्त अतिशय संथपणे. ३० मीटर रुंदीच्या चौकोनी इमारतीवर सेकंदाला ४० मीटर वेगाचा वारा आला, तर एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे सहा सेकंद लागतात. चाळीस मजली काँक्रीट इमारतीचा स्वतःच्या डुलण्याचा काळ साधारण चार सेकंदांच्या आसपास असतो, म्हणून तेथे मेळ जुळत नाही. सत्तर-ऐंशी मजल्यांच्या इमारतीचा काळ मात्र सहा-सात सेकंदांपर्यंत पोहोचतो. मग झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा प्रत्येक भोवरा तिला हलवत राहतो, आणि तेही वाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर आडव्या दिशेने. अति उंच इमारतींच्या छोट्या प्रतिकृती आधी वाऱ्याच्या बोगद्यात तपासतात, कोपरे गोल करतात किंवा कापतात, ते भोवऱ्यांची लय मोडण्यासाठीच. काही ठिकाणी माथ्यावर पाण्याची मोजून बांधलेली टाकी असते. भरलेली बादली घेऊन चालताना पाणी जसे आपल्या पावलांच्या उलट हिंदकळते, तसे त्या टाकीतले पाणी इमारतीच्या हालचालीची ऊर्जा खाऊन टाकते. माणसाला हालचालीचे अंतर जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. म्हणून आपल्या उंच इमारतींच्या मानकाने निवासी इमारतींसाठी, दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या वाऱ्यात, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड टक्का इतक्या त्वरणाची मर्यादा घातली आहे.

हे सारे आडवे बळ शेवटी पेलतात त्या भिंती. जिन्याभोवतीच्या आणि लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती हा टॉवरचा कणा असतो. अलीकडे अॅल्युमिनियमच्या साच्यांनी, ज्याला कामावर सगळेजण ‘मायवान’ म्हणतात, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात. त्यामुळे घराघरांतील कित्येक भिंती याच कामाला जुंपलेल्या असतात. चाळीत पोटमाळा काढणे, कोनाडा खोदणे, खिडकी मोठी करणे हे राहण्याचाच भाग होते. येथे तसे करता येत नाही, कारण स्वयंपाकघराची जी भिंत फोडून ओटा सरकवावासा वाटतो, तीच भिंत कदाचित वरच्या वीस मजल्यांवरचा वारा खाली नेत असते. माझे स्पष्ट मत आहे की चावी देताना प्रत्येक कुटुंबाच्या हाती त्या घराचा एक साधा नकाशा द्यावा आणि त्यात कोणत्या भिंतीला हात लावायचा नाही हे ठळक रंगाने दाखवावे. एका कागदाचा खर्च आहे.

पाण्याबद्दल मात्र जेवढी भीती घातली जाते तेवढी खरी नाही. तानसा तलावातून १८९२ पासून मुंबईत पाणी आले ते उतारावरून, गुरुत्वाकर्षणाने, आणि भंडारवाडा व मलबार हिल येथील टेकड्यांवरच्या जलाशयांतून शहरात पसरले. चाळीस मजल्यांना ते पुरत नाही, पंप लागतोच. पण १००० लिटर पाणी १२० मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, सुमारे अर्धा युनिट वीज लागते. दरमाणशी रोज १३५ लिटर धरले, तर सर्वांत वरच्या मजल्यावरील पाच माणसांच्या कुटुंबामागे महिन्याला अकरा-बारा युनिट होतात. खरी अडचण दाबाची असते, कारण पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे जवळजवळ एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणून मध्ये टाक्या किंवा दाब कमी करणाऱ्या झडपा बसवाव्या लागतात. देखभालीचा मोठा भार लिफ्ट, आगीचे पंप आणि जिन्यात धूर शिरू न देणारे पंखे यांचा असतो, आणि यांतले शेवटचे दोन वर्षानुवर्षे वापरावे लागत नाहीत म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

सागरी सेतूवरून पाहिले, तर वरळीकडे उंचावलेली आकाशरेषा वांद्र्याच्या उत्तरेला खाली येते. त्याला बाजारभाव जबाबदार नाही. विमानतळाभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक अदृश्य छत असते आणि त्यापुढे ते उताराने वर चढत जाते.

बीडीडी चाळीही त्यांच्या काळात नव्या तंत्राच्या, सळईच्या काँक्रीटच्या होत्या. समुद्रावरच्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोहोचले, सळई गंजली, गंजाचे आकारमान लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने काँक्रीट आतून फुटले आणि छताचे पोपडे पडू लागले. हीच हवा नव्या इमारतींवरही येते. मुंबईत तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, पण १२५ मीटर उंचीवरची बाहेरील भेग गच्चीतून किंवा रस्त्यावरून दिसत नाही आणि तेथे बांबूची परांचीही बांधता येत नाही. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यातून माणसे उतरवावी लागतात. ते पाळणे अडकवण्याचे हूक आपल्या गच्चीवर बसवलेले आहेत की नाहीत, हे नव्या सोसायट्यांनी पहिल्याच सर्वसाधारण सभेत विचारून घ्यावे.