फिलिप बेट

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील, दक्षिण किनाऱ्यालगतचे बेट. मेलबर्नपासून रस्त्याने सुमारे १४० किमी. अंतरावर, वेस्टर्न पोर्ट या उपसागराच्या तोंडाशी ते आडवे पसरले आहे. लांबी सुमारे २६ किमी., रुंदी जास्तीत जास्त ९ किमी. आणि क्षेत्रफळ साधारण १०० चौ. किमी. उत्तर किनाऱ्यावरचे काऊज हे मुख्य गाव. बुनुरोंग (बूनवुरुंग) हे इथले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत बेटाचे नाव मिलाउल. सध्याचे नाव न्यू साउथ वेल्सचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याच्यावरून पडले. मुख्य भूमीवरील सॅन रेमो आणि बेटावरील न्यूहेवन यांना जोडणारा पहिला पूल १९४० मध्ये झाला. आजचा पूल १९६९ चा.

सूर्यास्तानंतर समुद्रातून परतणाऱ्या चिमुकल्या पेंग्विनांमुळे हे बेट जगाला माहीत झाले. सील, कोआला, शिअरवॉटर आणि बँडिकूट हे प्राणी-पक्षीही इथे पाहायला मिळतात. बेटावरच्या संवर्धनाचा इतिहास हा बराचसा काढून टाकलेल्या गोष्टींचा इतिहास आहे : घरे, कोल्हे, रस्त्यावरचे दिवे, पर्यटकांच्या हातातले कॅमेरे.

इथला पेंग्विन हा जगातल्या सर्व पेंग्विनांत लहान. उंची सुमारे ३३ सेंमी., वजन जेमतेम किलोभर, पाठ निळसर आणि पोट पांढरे. दिवसभर तो समुद्रात लहान मासे पकडतो. अंधार पडू लागला की किनाऱ्याजवळ पेंग्विनांचे तांडे जमतात, पण एकटादुकटा कोणी वाळूवर येत नाही. उघड्या वाळूवर समुद्रगरुड आणि मोठे कुरव यांची भीती असते, म्हणून थवा पुरेसा मोठा होईपर्यंत ते लाटांच्या काठाशी रेंगाळतात. कधी दोन पावले पुढे येऊन पुन्हा पाण्यात पळतात. मग धीर एकवटून सगळे एकदम वाळू ओलांडतात आणि गवतातल्या आपापल्या बिळांकडे डुलत चालू लागतात. मादी सहसा दोन अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने सुमारे ३५ दिवस ती उबवतात. वीण संपली की उन्हाळ्याच्या अखेरीस सगळी पिसे एकदम गळून नवी येतात. त्या दोन-अडीच आठवड्यांत अंगावर पाणी अडवणारे आवरण नसल्याने पेंग्विनाला समुद्रात जाता येत नाही. आधी खाऊन साठवलेल्या चरबीवर तो बिळाशी बसून राहतो.

हा देखावा पाहायला लोक येऊ लागले ते १९२० च्या दशकात. स्थानिक माणसे हातात विजेऱ्या घेऊन पाहुण्यांना बेटाच्या पश्चिम टोकाकडील समरलँडच्या किनाऱ्यावर नेत. त्याच सुमारास समरलँड द्वीपकल्पावर सुटीतल्या घरांसाठी भूखंड पाडले गेले. घरांपाठोपाठ रस्ते, गाड्या, कुत्री, मांजरे आली. एके काळी बेटावर पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. १९८० च्या दशकापर्यंत त्यांतली फक्त समरलँडची उरली, आणि तीही झपाट्याने आक्रसत होती. १९६८ पासून इथे पेंग्विनांचा सलग अभ्यास चालू होता. त्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की असेच चालले तर शतक संपण्यापूर्वी ही वसाहतही नाहीशी होईल.

त्यावर राज्य सरकारने १९८५ मध्ये जो निर्णय घेतला त्याला जगात फारशी उदाहरणे नाहीत. द्वीपकल्पावरची संपूर्ण वसाहत, शेकडो भूखंड आणि त्यांवरची घरे, मालकांकडून विकत घेऊन मोडून टाकायची, असे ठरले. हे काम पुरे व्हायला २०१० साल उजाडले. पंचवीस वर्षे घरमालक अनिश्चिततेत राहिले. काहींना पिढीजात सुटीचे घर सोडणे जड गेले. पेंग्विनांचे कौतुक करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही. घरे गेली, रस्ते उखडले, मूळ झुडपे पुन्हा लावली आणि जमिनीत लाकडी घरटीपेट्या बसवल्या. १९८० च्या दशकात १२ हजारांच्या आसपास आलेली पेंग्विनांची संख्या आता सुमारे ४० हजार मानली जाते. मे २०२२ मध्ये एका संध्याकाळी पाच हजारांहून अधिक पेंग्विन वाळू ओलांडताना मोजले गेले.

बेटावरचे संरक्षित क्षेत्र १९९६ पासून ‘फिलिप आयलंड नेचर पार्क्स’ ही संस्था सांभाळते. प्रेक्षकांच्या तिकिटांतून तिचे संशोधन आणि संवर्धन बऱ्याच अंशी चालते. पेंग्विन जपायला माणसे दूर ठेवावी लागतात आणि त्या कामाला लागणारा पैसा मात्र गर्दीतूनच येतो, अशी ही अडचणीची जोडी आहे. किनाऱ्यावर पायऱ्यांची आसने आहेत, प्रकाश मंद ठेवलेला असतो आणि २०१४ पासून छायाचित्रणाला पूर्ण मनाई आहे. आधी फक्त फ्लॅशला बंदी होती, पण अंधारात घाईघाईने मोबाइल काढणाऱ्याचा फ्लॅश हमखास चमके. आता कॅमेरा आणि फोन दोन्ही खिशातच राहतात, आणि खरे तर त्यामुळे देखावा नीट पाहिला जातो.

पेंग्विनांच्या स्वेटरांची गोष्ट बेटाच्या नावाबरोबर हटकून येते. तेलगळतीत सापडलेला पेंग्विन चोचीने पिसे साफ करू लागतो आणि ते विषारी तेल पोटात जाते. नखाएवढा तेलाचा डागही त्याला मारू शकतो, कारण तेवढ्याने पिसांचे आवरण फाटते आणि थंड पाणी अंगाला भिडते. म्हणून धुण्याइतपत ताकद येईपर्यंत त्याला लोकरीचा छोटा स्वेटर घालतात. २००१ च्या गळतीत ४३८ पेंग्विन सापडले आणि त्यांतले बहुतेक बरे होऊन समुद्रात परत गेले. पुढे जगभरातून विणलेले स्वेटर येऊ लागले, ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त. उरलेले आता खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकतात आणि तो पैसा कामाला लागतो.

कोल्हा हा बेटावरचा मूळ प्राणी नव्हे. युरोपीय वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी ऑस्ट्रेलियात आणलेला लाल कोल्हा २० व्या शतकाच्या सुरुवातीला इथे पोचला. बिळात बसणारा, उडता न येणारा पक्षी म्हणजे त्याच्या पुढ्यात वाढलेले ताट. आणि तो भुकेपुरते मारून थांबत नाही, एका रात्रीत अनेक पक्षी मारून टाकून जातो. सापळे, विषारी आमिषे, रात्रीची शिकार, माग काढणारी कुत्री असे सगळे उपाय अनेक वर्षे चालले. शेवटचे काही कोल्हे सर्वांत चिवट ठरले. २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त जाहीर झाले. पूल जागेवरच असल्याने पहारा मात्र उठलेला नाही, आणि रानटी मांजरांचा प्रश्न शिल्लक आहे.

कोल्हे गेल्याचा लाभ सर्वांत ठळक दिसला तो ईस्टर्न बार्ड बँडिकूटच्या बाबतीत. सशाहून लहान, लांब नाकाचा, पाठीच्या मागच्या भागावर फिकट पट्टे असलेला हा शिशुधान (पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी रात्री जमीन उकरून किडे खातो. व्हिक्टोरियाच्या गवताळ मैदानांतून तो कोल्ह्यांनी आणि शेतीने जवळजवळ पुसून टाकला होता. मुख्य भूमीवर तो फक्त बंदिस्त प्रजननात आणि कुंपणाआड उरला. शेजारच्या चर्चिल बेटावर २०१५ मध्ये वीस बँडिकूट सोडून पाहिले. ते वाढले, म्हणून २०१७ मध्ये समरलँडवर मोठी तुकडी सोडली. २०२१ मध्ये राज्याच्या यादीत या प्राण्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’ वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. संकटग्रस्त ठरल्याचा आनंद व्हावा, असे प्रसंग प्राणिशास्त्रात थोडेच.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला नॉबीज नावाचे खडक आहेत आणि त्यांच्यापुढे समुद्रात सील रॉक्स. तिथली ऑस्ट्रेलियन फर सीलची वसाहत देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. १९ व्या शतकात कातड्यासाठी सीलांची बेसुमार शिकार झाली होती. पिल्ले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मतात. किनाऱ्यावरून दुर्बिणीने किंवा होडीतून थोडे अंतर राखून सील पाहता येतात. मासेमारीची दोरी, जाळ्याचे तुकडे, फुग्यांच्या फिती त्यांच्या गळ्यात अडकतात. पिल्लू वाढत जाते तसतसा फास मांसात रुततो. कार्यकर्ते शक्य तेव्हा सीलाला पकडून तो कापून काढतात.

केप वूलामाई आणि इतर टेकाडांवर आखूड शेपटीच्या शिअरवॉटरांची बिळे आहेत. हे पक्षी उत्तर गोलार्धात अलास्का-बेरिंग समुद्रापर्यंत जातात. एका बाजूचा प्रवास सुमारे १५ हजार किमी. सप्टेंबरअखेर ते परततात आणि २५ नोव्हेंबरच्या आसपास अवघ्या काही दिवसांत जवळजवळ सगळ्या माद्या एकेकच अंडे घालतात. एप्रिलमध्ये आईबाप आधी निघून जातात. मागे राहिलेली पिल्ले दोन-तीन आठवड्यांनी, वाट दाखवायला कोणी नसताना, त्याच मार्गाने उडतात. पहिल्या उड्डाणात रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांची दिशाभूल होते आणि ती डांबरावर उतरतात. म्हणून त्या दिवसांत पुलावरचे व मुख्य रस्त्यावरचे दिवे मालवतात, आणि स्वयंसेवक रात्री रस्त्यावर फिरून पिल्ले उचलतात.

कोआलाचे मूळ घर मात्र हे बेट नव्हे. मुख्य भूमीवर कातडीसाठी त्यांची कत्तल होत असताना १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात काही कोआला इथे आणले गेले. पुढे गाड्या, कुत्री आणि तोडलेली निलगिरी यांमुळे त्यांची संख्या घटली. १९९१ मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र सुरू झाले. तिथे झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर लाकडी वाटा बांधल्या आहेत, त्यामुळे कोआला नजरेच्या पातळीवर येतो. दिवसाचे वीसेक तास तो झोपतो. हालचाल पाहायची तर संध्याकाळी जावे.

पुलाने जोडलेल्या चर्चिल बेटावर १८०१ मध्ये लेफ्टनंट जेम्स ग्रँट याने गहू आणि मका पेरला. व्हिक्टोरियातली ती युरोपीयांची पहिली शेती. वेस्टर्न पोर्टचा उपसागर १९८२ पासून रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र आहे आणि ऱ्हिलच्या खाडीत खारफुटीत स्थलांतरित पाणपक्षी येतात. वाळूवरच अंडी घालणाऱ्या हूडेड प्लोव्हर या पक्ष्यासाठी किनाऱ्यावर तात्पुरती कुंपणे घालतात. याच बेटावर मोटारींच्या शर्यतीही होतात : पहिली ऑस्ट्रेलियन ग्रां प्री इथेच १९२८ मध्ये झाली. पक्षी आणि शर्यती दोन्ही एकाच बेटावर सुखाने नांदतात.

मेलबर्नहून मोटारीने सुमारे दोन तास लागतात. बेटावर रेल्वे नाही. पेंग्विन वर्षभर येतात, पण पिल्ले पाहायची तर वसंत आणि उन्हाळा, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी, योग्य. नॉबीजकडे जाणारा रस्ता सूर्यास्तापूर्वी वाहनांसाठी बंद करतात. पेंग्विन पाहून परतणाऱ्यांसाठी वाहनतळावर सूचना असते, की गाडी सुरू करण्याआधी वाकून चाकांखाली बघावे.