नावापुरती कॉफी

अमेरिकेतल्या कॉफी केकमध्ये कॉफीचा थेंबही नसतो. तो कॉफीबरोबर खायचा, म्हणून त्याचे नाव तसे. ब्रिटनमध्ये मात्र याच नावाने मिळतो तो खरोखरच कॉफीच्या चवीचा, अक्रोड घातलेला आणि मध्ये क्रीमचा थर दिलेला केक. त्यामुळे पाककृती कुठल्या देशातली आहे हे न बघता सामान आणून ठेवणाऱ्याची फजिती ठरलेली. इथे गोष्ट अमेरिकन केकची आहे. तो मुळात केक नव्हताच, गोड पाव होता.

सुरुवात मध्य युरोपात. सतराव्या शतकात कॉफी तिथे पोहोचली. व्हिएन्नात १६८५ साली जोहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला कॉफी विकण्याचा परवाना मिळाला. पुढच्या शंभर वर्षांत जर्मन भाषिक प्रदेशात कॉफीचे वेड इतके वाढले की प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट वैतागला. पैसा परदेशात जातो, लोकांनी आपली बिअर प्यावी, असे त्याने १७७७ मध्ये जाहीर बजावले. १७८१ मध्ये तर कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारने आपल्याकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांना पकडायला निवृत्त सैनिक नेमले. त्यांचे काम एकच, गल्लोगल्ली वास घेत फिरायचे. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. कॉफी काही थांबली नाही.

कॉफीभोवती गप्पांचे अड्डे जमले. दुपारी बायका एकमेकींकडे जात, त्या बैठकीला ‘काफेक्लाच’ असे नाव पडले. यातल्या ‘क्लाच’चा अर्थ सरळ सरळ चहाड्या. अशा बैठकीत कपाच्या शेजारी जे ठेवले जाई ते ‘कुखन’. यीस्टने फुगवलेल्या पिठात लोणी, अंडी, दूध घालून ते भाजत. सायलेशिया भागात त्यावर मैदा, साखर आणि लोण्याचा चुरा पसरत. त्याला ‘श्ट्रॉयझल’ म्हणतात, विखुरणे या अर्थाच्या क्रियापदावरून. अमेरिकेत त्याचा उच्चार ‘स्ट्रूझल’ झाला.

हा चुरा करणे हातानेच जमते. थंडगार लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे. काही कण वाळूसारखे बारीक, काही वाटाण्याएवढे राहिले की थांबायचे. लोणी हाताच्या उबेने वितळले तर चुरा होत नाही, लगदा होतो आणि भट्टीत तो पसरून सपाट पापुद्रा बनतो.

जर्मन भाषिक स्थलांतरितांनी हे सगळे अमेरिकेत नेले. १७४१ मध्ये पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचे गाव वसवणाऱ्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा केक यातला माझा सगळ्यात आवडता. कुस्करलेला बटाटा घातलेल्या यीस्टच्या पिठाला बोटाने खड्डे पाडायचे आणि प्रत्येक खड्ड्यात लोणी आणि ब्राउन शुगर भरायची. १८४८ च्या क्रांतीनंतर आणखी जर्मन आले. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईस ही शहरे त्यांच्या बेकऱ्यांनी भरून गेली.

पण दुपारचा हा पदार्थ अमेरिकेत सकाळच्या न्याहारीला कसा आला? माझ्या मते खरे श्रेय कॉफीचे नाही, सोड्याचे आहे. लोणी आणि साखरेने जड झालेल्या पिठात यीस्ट रेंगाळते. असा पाव सकाळी गरम हवा तर पीठ आदल्या रात्री भिजवावे लागे आणि थंडीच्या रात्री ते फुगेलच याची खात्री नसे. १७९६ च्या एका अमेरिकन पाकपुस्तकात पीठ फुगवायला लाकडाच्या राखेपासून केलेला क्षार वापरलेला दिसतो. १८४६ पासून बेकिंग सोडा पुड्यांतून विकला जाऊ लागला आणि १८५६ मध्ये एबन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने बेकिंग पावडरच्या एका महत्त्वाच्या घटकाचे पेटंट घेतले. आंबट दुधात सोडा पडला की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. रात्रभराचे काम तासाभरात आले. उठल्यावर पीठ कालवून न्याहारीला गरम केक देता येऊ लागला.

याच काळात गंमत म्हणजे अमेरिकन पाकपुस्तकांत खरोखर कॉफी घातलेला कॉफी केकही होता. काकवी, मनुका, मसाले आणि कपभर थंड, कडक कॉफी. तो मागे पडला, नाव दुसऱ्याकडे राहिले.

विसाव्या शतकात सोड्याला आणखी एक जोडीदार मिळाला, सावर क्रीम, म्हणजे आंबवलेली दाट साय. त्यातल्या आंबटपणाने सोडा जागा होतो, स्निग्धतेने केक मऊ राहतो आणि पीठ इतके दाट होते की वरचा चुरा तळाशी जात नाही. न्यूयॉर्ककडे तर चुऱ्याचा थर केकपेक्षा जाड असतो. १९५२ मध्ये कॉफी उत्पादकांच्या संघटनेने ‘कॉफी ब्रेक’ची जाहिरात मोहीम चालवली आणि कामाच्या मधल्या सुटीलाही या केकची जागा पक्की झाली.

त्याआधी दोन वर्षे, १९५० मध्ये, मिनियापोलिसच्या काही ज्यू महिला एच. डेव्हिड डॅलक्विस्ट या भांडी बनवणाऱ्याकडे गेल्या होत्या. त्यांना युरोपातल्या गुगलहुप्फच्या साच्यासारखा, मध्ये नळी आणि कडेला खाचा असलेला साचा हवा होता. त्याने तो ॲल्युमिनियमचा ओतून दिला आणि नाव ठेवले बंट. बरीच वर्षे तो फारसा खपला नाही. १९६६ मध्ये एका मोठ्या पाकस्पर्धेत बंटमधल्या चॉकलेट केकने दुसरे बक्षीस मिळवले, मग साच्यांची मागणी आवरेना.

दाट सावर क्रीमचा केक या साच्यात चांगला भाजतो, कारण नळीमुळे मधूनही आच लागते. अडचण एवढीच की बंट उपडा करून काढायचा असतो, म्हणजे वर पसरलेला चुरा खाली जातो. म्हणून अर्धे पीठ, मग दालचिनी घातलेला चुरा, मग उरलेले पीठ. सुरी फिरली की आत दालचिनीची तपकिरी रेघ दिसते.