इनिशमरेचे शापाचे दगड ड्रुइडांचे नाहीत हो!

आयर्लंडच्या स्लायगो किनाऱ्यासमोर इनिशमरे नावाचं छोटं बेट आहे, तिथल्या दगडी कोटातल्या 'शापाच्या दगडां'बद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय की ते ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे, ड्रुइड म्हणजे जुन्या केल्टिक धर्मातल्या पुजाऱ्यांचे दगड आहेत आणि नंतर साधूंनी तिथे मठ थाटला. ऐकायला भारी वाटतं, पण दगड नीट बघितले तर गोष्ट टिकत नाही.

हे गोल गुळगुळीत दगड कोटाच्या आतल्या एका वेदीवर मांडलेत आणि त्यातल्या काहींवर चक्क क्रॉस कोरलेत, तेही सुरुवातीच्या मध्ययुगातल्या ख्रिस्ती शैलीतले! ड्रुइड कशाला क्रॉस कोरत बसतील? मठ संत मोलाशने ६ व्या शतकात स्थापला असं परंपरा सांगते आणि ८०७ साली व्हायकिंगांनी बेट जाळल्याची नोंद आयरिश बखरींत आहे, म्हणजे तोवर इथे लुटण्यासारखं काहीतरी नक्कीच होतं.

मग शाप कुठून आला? लोकांच्या श्रद्धेतून. प्रार्थनेची फेरी नेहमी सूर्याच्या दिशेने, आपल्या प्रदक्षिणेसारखी, आणि कुणाचं वाईट चिंतायचं असेल तर फेरी उलटी आणि दगडही उलटे फिरवायचे. वस्तू ख्रिस्तीच, वापर मात्र लोकांनी आपल्या सोयीने केला.

आणि हो, कोटाची भिंत आज दिसते तशीच्या तशी जुनी आहे असंही समजू नका, १८८० च्या सुमारास सरकारी डागडुजीत तिच्यात बरेच बदल झालेत. बेटावरचे शेवटचे रहिवासी १९४८ मध्ये मुख्य भूमीवर गेले, दगड तिथेच आहेत.