‘कॅन्सर’चा ‘स्पाइस’ झाला तेव्हा

सर्किट जोडण्याआधी ‘स्पाइसवर चालवून बघ’ असं इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्रास म्हणतात. या स्पाइसचा मसाल्याशी संबंध नाही. ‘सिम्युलेशन प्रोग्राम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं; सर्किट प्रत्यक्ष न जोडता संगणकावरच चालवून दाखवणारा हा प्रोग्राम. त्याच्या आधीच्या अवताराचं नाव तर ऐकूनच दचकायला होतं: कॅन्सर.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गाचा प्रकल्प म्हणून हे काम सुरू झालं. लॉरेन्स नेगल त्याच वर्गातले. ‘कॉम्प्युटर अॅनालिसिस ऑफ नॉनलिनियर सर्किट्स, एक्स्क्लुडिंग रेडिएशन’ (किरणोत्सार वगळून) हे ‘कॅन्सर’चं पूर्ण नाव. यातली खरी गंमत शेवटच्या दोन शब्दांत आहे. त्या काळी असे बरेच प्रोग्राम संरक्षण खात्याच्या पैशावर बनत आणि अण्वस्त्रांच्या किरणोत्सारात सर्किट तगेल का, याचं गणित त्यांना करावं लागे. ‘आम्ही ते करत नाही’ हे बर्कलीकरांनी नावातच सांगून टाकलं.

पुढे नेगल बर्कलीतलेच प्राध्यापक डोनाल्ड पीडरसन यांच्या हाताखाली आले. प्रोग्राम कुणालाही मोकळेपणाने देता आला पाहिजे, हा पीडरसन यांचा हट्ट. म्हणून तो नव्याने लिहिला गेला आणि १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लूच्या परिषदेत ‘स्पाइस’ या नावाने मांडला गेला. त्या हट्टाचं मोल फार मोठं आहे. आयआयटी मुंबईतला सर्किट-आराखड्याचा मोफत प्रोग्राम ‘ईसिम’ आजही त्याच घराण्यातला ‘एनजीस्पाइस’ वापरतो.

नावातलं ‘इंटिग्रेटेड सर्किट’ही उगाच नाही. सुटे भाग ब्रेडबोर्डवर (भाग खोचून सर्किट जोडायच्या फळीवर) जोडून चिपची परीक्षा होत नाही, म्हणून ती आधी संगणकावर करावी लागते. ब्रेडबोर्डवरच्या तारांचं धारकत्व (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चिपमध्ये नसतं, सुटे ट्रान्झिस्टर एकमेकांशी तितके जुळत नाहीत, आणि तयार चिपमधला रोधक (रेझिस्टर) काही बदलता येत नाही.

त्या काळी प्रोग्राम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवरून संगणकाला देत आणि त्यांवर फक्त मोठी (कॅपिटल) इंग्रजी अक्षरं असत. त्यामुळे स्पाइसला लहान-मोठं ‘एम’ सारखंच, दोन्हींचा अर्थ मिली, म्हणजे हजारावा भाग. मेगासाठी, म्हणजे दहा लाख पटीसाठी, ‘मेग’ लिहावं लागतं. १० व्होल्टला १० मेगाओहमचे दोन रोधक एकापुढे एक जोडा आणि चुकून नुसतं ‘१०एम’ लिहा. मधल्या बिंदूवर ५ व्होल्टच दिसतील, सगळं ठीक वाटेल. प्रवाह मात्र ०.५ मायक्रोअँपिअरऐवजी ५०० अँपिअर निघेल! म्हणून नुसतं व्होल्टेज बघून थांबू नये, प्रवाहही तपासावा.