मोठं इंजिन म्हणजे जास्त वेग? प्रत्येक बोटीला नाही

"छोट्या बोटीला परवडेल तेवढं मोठं आउटबोर्ड (बोटीच्या मागे लटकवायचं इंजिन) घ्या, जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त वेग." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गोल बुडाच्या, पाणी कापत जाणाऱ्या बोटीसाठी तो साफ चुकीचा आहे.

अशी बोट चालताना लाट उठवते आणि वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी जलरेषेएवढी, म्हणजे बोटीच्या पाण्याला टेकलेल्या लांबीएवढी झाली, की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. त्यापुढे ताकद लावली तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलते, मागचा भाग खाली बसतो, इंधन भरमसाट जळतं आणि वेग जेमतेम वाढतो. ही मर्यादा काढणं सोपं आहे: जलरेषेची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १६ फुटांसाठी सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर.

सपाट बुडाची, पाण्यावर उचलून धावणारी बोट वेगळी. तिथे ताकद खरंच कामाला येते, तरीही बनवणाऱ्याने दिलेली कमाल हॉर्सपॉवर ओलांडू नका. मागे लटकलेलं जादा वजन लाटेत जिवावर बेतू शकतं.

माझ्या मते हॉर्सपॉवरआधी शाफ्टची, म्हणजे इंजिन पाण्यातल्या पंख्याशी जोडणाऱ्या दांड्याची लांबी बघावी. छोट्या इंजिनांत ती साधारण १५ किंवा २० इंच असते. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतंच गरगरतं.