नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचंय? परवाना कोणाला लागतो, अर्जात काय लिहायचं

सोलापुरातल्या विजापूर रोडच्या सिद्धेश्वर वनविहारात जावं तसं उठून नान्नजला जाता येत नाही. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवरचा हा माळ 1979 पासून माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, त्यामुळे तिथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू होतो.

कलम 27 प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. मात्र हद्दीत ज्यांची शेती किंवा घर आहे ते, त्यांच्यावर अवलंबून असलेले घरचे लोक, कामावरचे सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक रस्त्याने नुसते पुढे जाणारे यांना परवाना लागत नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, स्वतःच्या रानात जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.

बाकीच्यांना कलम 28 खाली पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास किंवा संशोधनासाठी परवाना मिळू शकतो. अर्जात 'फिरण्यासाठी' एवढंच लिहून भागवू नका. तारीख, वेळ, माणसं किती, गाडीचा नंबर, कॅमेरा असेल तर तोही लिहा. सोबत प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडा आणि तिच्यावर 'फक्त नान्नज प्रवेशासाठी' असं लिहून सही करा. मूळ कार्ड खिशात असू द्या. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांचं लेटरहेडवरचं पत्र आणि मुलांची यादी द्या. परवान्याचा अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांचा आहे आणि ते नागपूरला बसतात. म्हणून संशोधनाचा अर्ज मार्गदर्शकांच्या पत्रासह बराच आधी करा. फी भरली की पावती मागून घ्या.

आता पायवाट सोडू नका असं का सांगतात, ते. माळढोकाची मादी पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या जमिनीवर, घरटं न बांधता, बहुधा एकच अंडं घालते. ते मातीच्या रंगात इतकं मिसळून जातं की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. चांगला फोटो मिळावा म्हणून गवतात टाकलेलं एक पाऊल त्या मादीचा अख्खा हंगाम संपवू शकतं. पक्षी इतके थोडे उरलेत की मला या गोष्टीची खरोखर धास्ती वाटते.

माळढोक दिसेलच असं धरून जाऊ नका. काळविटांचा कळप मात्र पुष्कळदा दिसतो. काडेपेटी, लायटर घरीच ठेवा. आग लावणं कलम 30 खाली गुन्हा आहे, आणि उन्हाळ्यात तिथलं कुसळी गवत एका ठिणगीने पेटतं.