बेल्टवर बॅग येण्याआधी: विमानात सामान चढवणाऱ्या लोडर लोकांच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

बोइंग ७३७ च्या पोटात जिथे सामान ठेवतात त्या होल्डमध्ये मोठा माणूस उभा राहू शकत नाही. उंची जेमतेम मीटरभर, फार तर वर थोडी. त्यामुळे आत जो लोडर असतो तो गुडघ्यावर बसून बेल्ट लोडरवरून (सामान वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या गाडीवरून) येणारी बॅग ओढतो, कमरेतून वळतो आणि मागे रचतो, आणि थप्पी छताला लागत आली की बॅग हातांनी वर ढकलून कोंबावी लागते. हे विमान १९६८ मध्ये सेवेत आलं, आजही जगभर हजारोंनी उडतंय, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या आतलं काम तेव्हा होतं तसंच आहे. कुठे बॅगा चढवणाऱ्यांचा संप झाला की बातमी 'प्रवाशांचे हाल' इथे सुरू होते आणि तिथेच संपते, हे लोक चिडले का याच्या मागे कोणी फारसं जात नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक साधा हिशोब. समजा एका फ्लाइटला १०० बॅगा आहेत आणि प्रत्येक सरासरी १५ किलोची, म्हणजे दीड टन झाला. पण बॅग एकदाच उचलली जात नाही ना, आतल्या पट्ट्यावरून ट्रॉलीत, ट्रॉलीतून बेल्ट लोडरवर, बेल्ट लोडरवरून थप्पीत, आणि उतरताना हेच सगळं उलटं. एका शिफ्टमध्ये चार-पाच विमानं केली तर टोळीच्या हाताखालून किती टन जात असतील ते तुम्हीच मांडून बघा.

मुळात ही हमालीच. अमेरिकेत रेल्वे स्टेशनांवर लाल टोपीवाले पोर्टर असायचे, त्यांना रेडकॅप म्हणत, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, आणि कित्येकांना पगार असा नव्हताच, प्रवासी देतील ती टिप. १९३७ मध्ये त्यांनी स्वतःची युनियन काढली. विमानतळ आले तेव्हा दारात बॅगा घेणारे लोक स्कायकॅप झाले आणि टिपची पद्धतही सोबत आली. हे फार जुनं म्हणून सोडून देऊ नका. २००५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने दारात बॅग देण्यासाठी २ डॉलर शुल्क लावलं, लोकांना वाटलं ही पोर्टरचीच टिप आहे, आणि खरी टिप आटली. बॉस्टनचे स्कायकॅप कोर्टात गेले, २००८ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०११ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला, कारण विमान कंपन्यांच्या दर आणि सेवांमध्ये राज्याच्या कायद्याने हात घालता येत नाही असं केंद्राचा १९७८ चा कायदा सांगतो. या १९७८ वर पुढे येतोच.

प्रत्यक्ष विमानात सामान भरणारे मात्र पूर्वी बऱ्याच ठिकाणी विमान कंपनीचेच नोकर असायचे. अमेरिकेत १९३६ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला, युनियन आल्या, भाडी सरकारी बोर्ड ठरवायचं त्यामुळे पगारवाढीचा खर्च भाड्यात बसवता यायचा. काम तेव्हाही कंबरडं मोडणारंच होतं, पण माणूस त्याच कंपनीत वीस-तीस वर्षं काढायचा, गुडघा गेला तर त्याला हलकं काम देण्याइतकी ओळख आणि जबाबदारी असायची.

मग १९७० च्या जानेवारीत बोइंग ७४७ आलं आणि वाटलं की हा प्रश्न आता सुटला. मोठ्या विमानांत बॅगा आधीच कंटेनरमध्ये भरतात आणि कंटेनर मशिनने आत सरकतो, होल्डमध्ये कोणी रांगत नाही. (कंटेनर भरताना माणूसच लागतो हे खरं, पण तो निदान उभा असतो.) नंतर १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३२० मध्येसुद्धा कंटेनरची सोय घेता येते. पण कमी अंतराच्या धंद्यात बऱ्याच कंपन्या ती घेत नाहीत, कारण कंटेनरचं स्वतःचं वजन असतं, प्रत्येक विमानतळावर ते चढवायची मशिन लागते, आणि सुट्या बॅगा हाताने भरणं स्वस्त पडतं. स्वस्त म्हणजे कोणासाठी, ते वेगळं सांगायला नको. ७३७ तर जमिनीला इतकं टेकलेलं बनवलं होतं ते यासाठीच, की लहान विमानतळावर जास्त उपकरणं नसली तरी सामान चढवता यावं. डिझाइन करणाऱ्यांनी होल्डचं दार हाताशी आणलं, पण आत माणूस कसा बसेल याचा विचार त्यात दिसत नाही.

याच काळात आणखी दोन गोष्टी झाल्या ज्यांचा या विषयाशी संबंध आहे असं पटकन लक्षात येत नाही. एक म्हणजे चाकं. सुटकेसला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत १९७२ मध्ये मिळालं, आणि उभी धरून ओढायची दोन चाकांची बॅग १९८७ मध्ये एका पायलटने बनवली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पूर्वी बॅग किती जड भरायची याला एक नैसर्गिक मर्यादा होती, ती म्हणजे आपला स्वतःचा हात. चाकं आल्यावर प्रवाशाला वजन जाणवेनासं झालं, पण होल्डमध्ये चाकांचा काही उपयोग नाही, तिथे ती बॅग उचलावीच लागते. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. १९७२ मध्येच साउथवेस्ट या तेव्हाच्या छोट्या कंपनीला चारपैकी एक विमान विकावं लागलं, तरी वेळापत्रक तेवढंच चालवायचं म्हणून त्यांनी विमान दहा मिनिटांत रिकामं करून, भरून परत सोडायला सुरुवात केली. त्यांच्या लोकांनी ते करून दाखवलं ते कौतुकाचंच, पण पुढे झटपट टर्नअराउंड हा सगळ्या स्वस्त विमानसेवेचा पाया झाला आणि ती मिनिटं जिथून वाचवायची त्यातली मोठी जागा म्हणजे रॅम्पवरची, म्हणजे विमान जिथे उभं करतात तिथली, लोडरची टोळी.

आता १९७८. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विमानभाडी खुली झाली, स्पर्धा सुरू झाली, तिकिटं स्वस्त झाली, सामान्य माणूस विमानात बसायला लागला, हे चांगलंच झालं. पण इंधन सगळ्यांना त्याच भावाने, विमान त्याच भावाने, मग खर्च कापायचा कुठे, तर माणसांत. युरोपमध्ये हेच १९९६ च्या ग्राउंड हँडलिंगच्या, म्हणजे जमिनीवर विमानाच्या भोवती जी कामं असतात त्यांच्या, नियमाने झालं. तोवर बऱ्याच विमानतळांवर हे काम एकाच कंपनीच्या हातात असायचं. नव्या नियमाने मोठे विमानतळ स्पर्धेला खुले केले, आणि बॅगा किंवा रॅम्पच्या कामासाठी पुरवठादारांची संख्या मर्यादित ठेवायची असली तरी किमान दोन हवेतच असं ठरलं. कागदावर वाईट काहीच नाही. पण ज्या कामाच्या खर्चातला मोठा भाग मजुरी आहे त्या कामाचं दर काही वर्षांनी टेंडर निघालं तर कमी बोली लावणारा कशात कमी करणार? टोळीतली माणसं, ट्रेनिंगचे दिवस, मशिनची देखभाल. माझ्या मते सगळ्या सुरक्षेच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. विमान एकाचं, विमानतळ दुसऱ्याचा, बेल्ट लोडर तिसऱ्याचा, आणि बॅग उचलणारा चौथ्याच्या कंत्राटावर. पाठ गेली तर विचारायचं कोणाला?

याचं अगदी स्पष्ट उदाहरण सिएटलचं आहे. मे २००५ मध्ये अलास्का एअरलाइन्सने तिथल्या आपल्या ४७२ युनियनवाल्या रॅम्प कामगारांना काढून काम मेन्झीज या कंपनीला दिलं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला अलास्काचं एक विमान सिएटलहून निघालं आणि २६ हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला, मास्क खाली आले, पायलटने विमान सुखरूप परत आणलं. बघितलं तर बाहेरच्या पत्र्याला सुमारे १२ बाय ६ इंचाचं भोक. जमिनीवर असताना एका रॅम्प कामगाराकडून विमानाला गाडी घासली होती आणि त्याने ते कळवलंच नव्हतं. चूक त्याची होतीच, तपासातही तसंच आलं. पण एवढं सांगून थांबता येत नाही, कारण नवी नोकरी, तुटपुंजा पगार आणि कधीही काढतील ही भीती असली की कुठलाही माणूस 'माझ्याकडून लागलं' हे म्हणायला कचरतो, आणि विमानाच्या बाबतीत ते वाक्य वेळेवर म्हटलं जाणं हीच सुरक्षा असते. त्याच विमानतळाच्या गावाने, सीटॅकने, नोव्हेंबर २०१३ मध्ये ताशी १५ डॉलरचं किमान वेतन मतदानाने मंजूर केलं, फक्त ७७ मतांच्या फरकाने. आणि तरी विमानतळाच्या आत काम करणाऱ्यांना ते लागू व्हायला ऑगस्ट २०१५ चा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.

२००५ च्याच ऑगस्टमध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गेट गॉरमे या विमानात जेवण पुरवणाऱ्या कंपनीने शेकडो कामगारांना काढून टाकलं, त्यात बऱ्याच दक्षिण आशियाई वंशाच्या बायका होत्या. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश एअरवेजचे बॅगा उचलणारे आणि इतर ग्राउंड स्टाफ काम टाकून त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्या कंपनीच्या कामगारांसाठी संप करणं तिथल्या कायद्यात बसत नाही, तरी केलं, आणि एक लाखाहून जास्त प्रवासी अडकले. जेवणाचं काम ब्रिटिश एअरवेजने आधीच बाहेर दिलेलं होतं हे या लोकांना चांगलं माहीत होतं.

आता वजनाबद्दल, कारण ऑनलाइन सगळ्यात जास्त गैरसमज यात दिसतात. २३ किलो आणि ३२ किलो हे आकडे आपल्याला तिकिटावरून माहीत असतात आणि आपण ते कंपनीच्या पैसे काढायच्या युक्त्या समजतो. जास्तीचे पैसे ही कंपनीची कमाई आहेच. पण ३२ ची सीमा शरीरासाठी आहे. २००४ मध्ये ब्रिटनच्या विमानतळांवर ३२ किलोवरची एक बॅग घेणंच बंद झालं ते याच कारणाने, कितीही पैसे भरा, दोन बॅगा करा. आणि २३ हा आकडा दुसरीकडेही येतो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची नायॉश ही सरकारी संस्था आहे, तिने ओझं उचलण्याचं एक सूत्र १९८१ मध्ये काढलं आणि १९९१ मध्ये सुधारलं. त्यात सगळ्यात चांगल्या परिस्थितीत उचलायचं जास्तीत जास्त वजन २३ किलो धरलंय. चांगली परिस्थिती म्हणजे ओझं अंगाजवळ, पकड घट्ट, कंबर न वळवता, आणि अधूनमधून. यातली एकेक गोष्ट बिघडली की आकडा खाली येतो. आणि गुडघ्यावर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचलत असाल तर हे सूत्र लागूच होत नाही असं त्यातच म्हटलंय. म्हणजे होल्डमधल्या माणसासाठी २३ किलो 'सेफ' आहे असं ते सूत्र म्हणतच नाही! हे वाचलं तेव्हा मी स्वतः बराच वेळ विचार करत बसलो, कारण २२.९ किलोची बॅग भरून खूश होणाऱ्यांत मीही आहे.

शरीराचं पुढे काय होतं त्यावर कोपनहेगन विमानतळाच्या कामगारांचा मोठा अभ्यास आहे, १९९० ते २०१२ या काळातल्या नोंदी घेऊन. बॅगा उचलण्यात जितकी वर्षं जास्त, तितके खांद्याचे विकार जास्त, आणि गुडघ्यातल्या कूर्चेचंही तेच. यावर उपाय नाहीत असंही नाही. होल्डच्या जमिनीवर सरकणारा कार्पेट आहे, बेल्ट लोडरचा पट्टा थेट होल्डच्या आत शेवटपर्यंत नेणारी मशिन्स आहेत, ती स्कँडिनेव्हियातच तयार झाली आणि बरीच वर्षं बाजारात आहेत. पण घ्यायची कोणी? चार वर्षांचं कंत्राट असलेली कंपनी दहा वर्षं चालणारं मशिन कशाला घेईल, आणि विमान कंपनी म्हणणार ते कामगार आमचे नाहीत.

रॅम्पवर पाठीपेक्षा भयंकर गोष्टीही होतात. ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत मॉन्टगोमेरीला एक रॅम्प कामगार चालू इंजिनात ओढली गेली आणि तिचा जीव गेला. विमान नुकतंच गेटवर लागलं होतं, इंजिन अजून बंद झालं नव्हतं. तिच्या कंपनीला दंड झाला १५,६२५ डॉलर, आणि हा कायद्याने एका गंभीर उल्लंघनाला लावता येणारा तेव्हाचा सगळ्यात मोठा आकडा होता. शिवाय आवाज आहे, जेटचा आणि डिझेलचा धूर आहे, आणि उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवरची उष्णता आहे. फिनिक्स शहराने मार्च २०२४ मध्ये कंत्राटी कामगारांसाठी, विमानतळावरचे धरून, पाणी, सावली आणि विश्रांतीची लेखी योजना सक्तीची केली, ती मागणी विमानतळावरच्या कामगारांनीच लावून धरली होती.

कोविडमध्ये हे सगळं एकदम उघडं पडलं. २०२० मध्ये हजारो लोक घरी पाठवले, त्यातले कित्येक गोदामांत, डिलिव्हरीत लागले आणि परत आलेच नाहीत, कारण तिथे साधारण तेवढाच पैसा आणि पहाटे तीनची शिफ्ट नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी आले पण उचलायला माणसं नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर एप्रिलमध्ये केएलएम या डच विमान कंपनीच्या ग्राउंड स्टाफने अचानक काम थांबवलं, हीथ्रोने दिवसाला एक लाख जाणाऱ्या प्रवाशांची मर्यादा घातली, आणि डेल्टा या अमेरिकन कंपनीने ११ जुलैला एक अख्खं विमान प्रवासी न घेता फक्त हजारभर राहिलेल्या बॅगा घेऊन हीथ्रोहून डेट्रॉइटला नेलं.

आणि याच काळात ऑस्ट्रेलियात क्वांटास या विमान कंपनीने १० विमानतळांवरच्या १,८२० ग्राउंड कामगारांना काढून काम बाहेर दिलं. कंपनी म्हणाली महामारीमुळे, पैसे वाचवायला. युनियन कोर्टात गेली. २०२१ मध्ये निकाल लागला की हे बेकायदा आहे, कारण पुढे हे लोक संपाचा हक्क वापरतील तो वापरता येऊ नये हाही त्यामागे एक हेतू होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च कोर्टाने, तो एकमताने कायम ठेवला. मग १२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वर ९ कोटींचा दंड. याच्या बाजूला आणखी एक छोटी केस आहे, ती कमी लोकांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये क्वांटासच्या ग्राउंड कंपनीतल्या एका निवडून आलेल्या सुरक्षा प्रतिनिधीने सहकाऱ्यांना सांगितलं की चीनहून आलेली विमानं पुरेशा संरक्षणाशिवाय साफ करू नका. कंपनीने त्यालाच कामावरून बाजूला केलं. २०२४ मध्ये त्यासाठी कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला, पण नोकऱ्या मात्र परत मिळाल्या नाहीत, ना त्याची ना त्या १,८२० जणांच्या, कारण तोवर तेच काम कंत्राटदारांची माणसं करत होती.